दिसायला जुळे, कामाला वेगळे: इंग्रजीतल्या सारख्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नोकरदारांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग घेते. वर्ग सुटतो, प्रश्न सुटत नाहीत. ते मग व्हॉट्सॲपवर येतात, बहुतेक वेळा व्हॉइस मेसेजने, लोकलच्या खडखडाटासकट. कळव्यापासून पनवेलपर्यंतची मंडळी जे फिरून फिरून विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. स्पेलिंग फोनवर सांगतो तसं, अक्षरं सुटी करून लिहिलं आहे. क्रमाने वाचलं पाहिजे असं नाही. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, सारखे शब्द म्हणजे नेमके कोणते? मला तर सगळेच सारखे वाटतात.

यात तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि ती एकत्र झाली की डोकं फिरतं. काही शब्द खुद्द इंग्रजांच्या कानालाही सारखेच असतात. गाडीचा ब्रेक बी-आर-ए-के-ई, चहाचा ब्रेक बी-आर-ई-ए-के, उच्चारात तसूभर फरक नाही. काही शब्द त्यांच्या कानाला वेगळे असतात, पण आपल्या कानाला एकच वाटतात (प्रश्न ३, ४ आणि ५). आणि काहींचा उच्चार वेगळा, स्पेलिंगही वेगळं, पण घाईत डोळा घसरतो: डेअरी आणि डायरी, क्वाएट आणि क्वाइट. शब्द अडला की आधी तो कुठल्या गटातला ते ठरवा. पहिल्या गटात वाक्य बघावं लागतं, दुसऱ्यात तोंडाला वळण लावावं लागतं आणि तिसऱ्यात फक्त सावकाश वाचायचं.

२. शाळेत अशा शब्दांच्या जोड्या पाठ केल्या होत्या. तरी ऐन वेळी घोळ होतोच. का?

माझ्या मते जोडीने पाठ केल्या म्हणूनच. दोन्ही शब्द एका दमात डोक्यात घातले की आठवतानाही दोघे हात धरून येतात आणि कोण कुठला ते कळत नाही. वहीत समोरासमोर रकाने करू नका. एका वेळी एकच शब्द घ्या आणि त्याला त्याचा नेहमीचा सोबती जोडून द्या. हॉटेलातला ‘कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट’ घ्या. फुकट नाश्ता म्हणजे मधे आय. हा पक्का मुरू द्या. पूरक या अर्थाचा ई-वाला ‘कॉम्प्लिमेंट’ पुढे कधीतरी भेटेल, तेव्हा तो आपोआप ‘तो दुसरा’ ठरतो.

३. मी ‘टेस्ट’ म्हणतो तेव्हा समोरच्याला परीक्षा कळते की चव?

संदर्भावरून कळतं, उच्चारावरून नाही. बॅट आणि बेट यांत मराठी माणूस सहसा चुकत नाही, कारण ॲ आणि ऑ आपल्या हाताशी आहेत. २००९ च्या शासन निर्णयाने तर त्यांना मराठी वर्णमालेतही जागा दिली. अडचण ‘ए’ची आहे. इंग्रजीत एक आखूड ए आहे आणि एक ‘इ’कडे सरकत जाणारा लांब ए, जवळजवळ ‘एइ’. आपण दोघांना एकाच मात्रेत बसवतो. म्हणून परीक्षा आणि चव दोन्ही टेस्ट, लेखणी आणि वेदना दोन्ही पेन, ओलं आणि थांबा दोन्ही वेट. मिरी आणि वर्तमानपत्र दोन्ही पेपर. म्युच्युअल फंडवाला ‘डेट फंड’ म्हणतो त्याचा तारखेशी संबंध नाही, तो कर्जाचा डेट आहे, डी-ई-बी-टी, मधला बी मुका.

सगळ्यात गर्दी ‘सेल’मध्ये आहे. विकणे आणि बॅटरीचा सेल आखूड, दुकानावरचा सेल आणि होडीचं शीड लांब. लांब ए असलेल्या शब्दाला तोंडात थोडा जास्त वेळ द्या, शेवटी किंचित ‘इ’ येऊ द्या. एवढ्याने काम होतं.

४. ‘ठाणे वेस्ट’ म्हटलं तर परदेशी क्लायंटला भलतंच ऐकू येतं म्हणे. खरं का?

येऊ शकतं. पश्चिम दिशा, बनियन, कचरा आणि कंबर, हे चारही शब्द आपण ‘वेस्ट’ म्हणून मोकळे होतो. कचरा आणि कंबर तर इंग्रजांनाही सारखेच ऐकू येतात, त्यांचा ए लांब (प्रश्न ३). पण पश्चिम आणि बनियन यांच्यातला फरक डब्ल्यू आणि व्हीचा आहे, आणि आपला ‘व’ या दोघांच्या बरोबर मधे बसतो.

व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि थोडी घरघर होते. डब्ल्यूला दात लागतच नाहीत, ओठांचा चंबू होतो, शिट्टी वाजवायच्या आधी होतो तसा. आरशासमोर ‘व्हेट’ आणि ‘वेट’ म्हणून बघा, जनावरांचा डॉक्टर आणि ओला. दात दिसले तर डॉक्टर.

मजा अशी की मराठी लेखनात हा फरक दाखवायची सोय कुणीतरी करून ठेवलेली आहे. व्हीसाठी आपण ‘व्ह’ लिहितो: टीव्ही, व्हॅन, व्हिसा. डब्ल्यूसाठी साधा ‘व’: वॉर्ड, वेटर, वॉचमन. नियम चांगला होता. पण मग डब्ल्यू-एचच्या शब्दांनाही आपण तोच ‘व्ह’ लावला: व्हील, व्हाइट आणि खुद्द व्हॉट्सॲप. त्यामुळे देवनागरी बघून उच्चार ठरवायला जाल तर फसाल. डब्ल्यू-एच दिसला तरी ओठांचा चंबूच करायचा.

पत्ता सांगताना मात्र एवढं काही करायला नको. लिहिताना ‘ठाणे’ आणि कंसात डब्ल्यू, बोलताना ‘स्टेशनच्या पश्चिमेला’. हे इंग्रजीतही सांगता येतं.

५. ‘लूज’ शब्दाला एक ओ की दोन?

सैल असेल तर दोन, गमावणे असेल तर एक. घोळाचं मूळ आपल्या उच्चारात आहे. नट ‘लूज’ झाला म्हणताना आपण शेवटी ज लावतो. इंग्रजीत सैल म्हणजे ‘लूस’, शेवटी स्वच्छ स, आणि गमावणे म्हणजे ‘लूझ’. सैलला स लावायची सवय केलीत की दोन्ही शब्द कानालाच वेगळे लागतील. ‘आय डोन्ट वॉन्ट टू…’च्या पुढे जवळजवळ नेहमी एका ओचाच येतो.

दोन ओ म्हणजे स, असा नियम मात्र करू नका. ‘चूझ’ला दोन ओ असून शेवटी झ आहे.

६. दुकानाच्या पाटीवर ‘स्टेशनरी’चं स्पेलिंग दोन्ही प्रकारे दिसतं. बरोबर कोणतं?

वह्या-पेनं विकत असाल तर शेवटून तिसरं अक्षर ई: ई-आर-वाय. तिथे ए घातला की अर्थ होतो ‘जागचं न हलणारं’. दुकानाच्या बाबतीत तेही खरंच आहे म्हणा! आणि गंमत म्हणजे शब्दाचा इतिहासही तोच. मध्ययुगात फेरीवाल्यांपेक्षा वेगळा, एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर, आणि त्याचा माल ती स्टेशनरी. लक्षात ठेवायला ‘बेकरी’ आणि ‘ग्रोसरी’ शेजारी ठेवा. तिन्ही दुकानात मिळणाऱ्या गोष्टी, तिन्हींचा शेवट ई-आर-वाय.

७. होम लोनच्या मेलमध्ये ‘प्रिन्सिपल’ कसं लिहायचं?

पी-ए-एल. कर्जाची मुद्दल, कॉलेजचे प्राचार्य आणि ‘मुख्य’ हे विशेषण, या तिघांनाही पी-ए-एल. पी-एल-ई म्हणजे तत्त्व. कर्जदार बँकेला लिहितो की बोनस आलाय, माझं प्रिन्सिपल कमी करून घ्या, आणि स्पेलिंग तत्त्वाचं असतं. पैसे आले म्हणून तत्त्वं कमी करून घ्या, असा त्याचा अर्थ होतो. बँक समजून घेते. तरी लिहू नये.

८. लायसन्सला सी की एस? माझ्या कार्डावर सी आहे, फोन लाल रेघ मारतो.

कार्ड बरोबर आहे. तुमचा फोन अमेरिकन स्पेलिंगवर लावलेला असणार.

ब्रिटिश पद्धतीत, म्हणजे आपल्याकडे, वस्तूचं नाव असेल तर सी-ई आणि क्रिया असेल तर एस-ई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही ड्रायव्हिंग लायसन्सला सी आहे, पण ते देणाऱ्या ‘लायसन्सिंग ऑथॉरिटी’ला एस, कारण तिथे देण्याची क्रिया आहे. गाडी एमएच ०४ असो की एमएच ४३, नियम एकच.

आधाराला ‘ॲडव्हाइस’ घ्या, कारण तिथे फरक कानाला कळतो. सल्ला म्हणजे ॲडव्हाइस, सी. सल्ला देणे म्हणजे ॲडव्हाइझ, एस. मेलच्या शेवटी ‘प्लीज’च्या पुढे क्रियापद हवं, म्हणून तिथे एस. हे पक्कं झालं की ‘प्रॅक्टिस’लाही तोच न्याय: डॉक्टरांची प्रॅक्टिस सी, वकील प्रॅक्टिस करतात तेव्हा एस.

अमेरिकन लोकांनी यातली निम्मी कटकट मिटवली. लायसन्स दोन्हीकडे एस, प्रॅक्टिस दोन्हीकडे सी. ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ मात्र त्यांनीही वेगळे ठेवले. आणि हा नियम सरसकट लावू नका. ‘नोटिस’ला नेहमी सी, ‘प्रॉमिस’ला नेहमी एस, नाव असो की क्रिया.

९. ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे राहण्याचा परवाना ना?

हा गैरसमज नवी मुंबईत घरोघरी आहे, आणि तो इतका तर्काला धरून आहे की मोडताना वाईट वाटतं. भाड्याने राहायचा करार, मग ‘लिव्ह’ म्हणजे राहणे असणारच! पण करारावर शब्द आहे तो एल-ई-ए-व्ही-ई, ‘लीव्ह’, ई दीर्घ. बरं, त्याचा अर्थ ‘रजा’ही नाही आणि ‘सोडून जा’ही नाही. कायद्याच्या जुन्या इंग्रजीत लीव्ह म्हणजे परवानगी. ऑफिसातली लीव्हसुद्धा मुळात तीच, गैरहजर राहायची परवानगी. म्हणजे या नावात परवानगी आणि परवाना शेजारी शेजारी बसलेत. कायद्याच्या इंग्रजीला असं दोनदा बोलायची खोडच आहे.

एजंट तोंडाने ‘लिव्ह’ म्हणाला तर म्हणू दे, कागदावर मात्र ए हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची असते. तेव्हा मसुदा वाचायला मिळतोच. घाई न करता वाचा.

१०. त्याच करारात ‘लायसन्सर’ आणि ‘लायसन्सी’ असतं. मी कोण?

भाड्याने राहणार असाल तर लायसन्सी. शेवटी ओ-आर म्हणजे देणारा, ई-ई म्हणजे घेणारा. सिडकोने सोसायटीला जमीन भाडेपट्ट्याने दिली असेल तर सिडको लेसर, ओ-आर, आणि सोसायटी लेसी. (हा ‘कमी’ या अर्थाचा लेसर नव्हे, तो ई-आर. आणि किरणांचा लेझर आणखी तिसराच.)

खरी मेख घर गहाण टाकताना आहे. कर्ज बँक देते, म्हणून बँक ‘मॉर्गेजर’ असेल असं वाटतं. तसं नाही. मॉर्गेज म्हणजे कर्ज नव्हे, तारण, आणि तारण देता तुम्ही. म्हणून तुम्ही मॉर्गेजर आणि बँक मॉर्गेजी. काय दिलं जातंय हे आधी ठरवा, देणारा त्यावरून.

११. इफेक्ट आणि अफेक्ट कायमचं कसं सोडवायचं?

बहुतेक वेळा ए-वाला म्हणजे परिणाम करणे आणि ई-वाला म्हणजे परिणाम. शब्दाच्या आधी ‘द’ किंवा ‘ॲन’ बसत असेल तर ई. ऑफिस ऑर्डरमधलं ‘विथ इफेक्ट फ्रॉम १ एप्रिल’ ई-वालं, ते तर डोळे मिटून लिहावं.

पण कायमचं म्हणालात म्हणून अपवादही सांगते. ई-वाला क्रियापद म्हणूनही येतो, तेव्हा अर्थ होतो ‘घडवून आणणे’. बँकेच्या पत्रात पेमेंट इफेक्ट केलं असं लिहितात ते बरोबर आहे, स्पेलिंग सुधारायला जाऊ नका. ‘पर्सनल इफेक्ट्स’ म्हणजे माणसाचं स्वतःचं सामानसुमान. आणि ए-वाला नाम म्हणून फक्त मनोविकारतज्ज्ञांच्या कागदावर भेटतो, उच्चार ‘ॲफेक्ट’, जोर सुरुवातीला, अर्थ चेहऱ्यावर दिसणारे भाव. रिपोर्टात ‘फ्लॅट ॲफेक्ट’ लिहिलं असेल तर त्याचा घराच्या किमतींशी संबंध नसतो, ठाणेकर असलात तरी.

१२. ‘इट्स’ला वर टिंब (म्हणजे अपॉस्ट्रॉफी) कधी द्यायचं?

‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं सुटं करून वाचता आलं तरच. ‘त्याचं’ या अर्थी नाही: हिज, हर्स, अवर्स यांना कुठे असतं? ‘युअर’ आणि ‘देअर’लाही हीच कसोटी.

१३. रिक्षाचा मीटर आणि कापडाचा मीटर यांचं स्पेलिंग वेगळं असतं का?

आपल्याकडे हो. यंत्र असेल तर टी-ई-आर: रिक्षाचा, विजेचा, थर्मामीटर. माप असेल तर टी-आर-ई: मीटर, किलोमीटर. अमेरिकेत दोन्ही टी-ई-आर. तसंच इमारतीच्या मजल्याला आपण ई-वाय लावतो, ते फक्त वाय लावतात आणि मग मजला आणि गोष्ट एक होतात. चेकबुक आणि टायर यांचीही तीच कथा.

कुठलं वापरू, हा पुढचा प्रश्न असतोच. मुलांच्या शाळेत ब्रिटिश. ऐरोलीच्या आयटी पार्कात अमेरिकन क्लायंटसाठी काम करत असाल तर अमेरिकन. एका कागदात दोन्ही नकोत, एवढंच.

१४. ‘काउन्सिलर’ म्हणजे नगरसेवक की समुपदेशक?

सी-आय-एल म्हणजे परिषद, एस-ई-एल म्हणजे सल्ला. पनवेलला २०१६ पर्यंत नगरपरिषद होती, ती म्युनिसिपल काउन्सिल, सी-आय-एल. दहावीनंतर काय, हे सांगणारा करिअर काउन्सेलर, एस-ई-एल. कोर्टात उभे राहणारे वकीलही एस-ई-एल. आपल्या बोलण्यात नगरसेवकाला कॉर्पोरेटर म्हणतात म्हणून हा घोळ झाकला जातो, पण पाट्या रंगवणाऱ्यांनी कित्येक समुपदेशकांना निवडणूक न लढवता निवडून आणलं आहे.

याच जातीचा दुसरा शब्द नोकरीचे अर्ज लिहिताना अडतो. अंबरनाथला आहे ती ऑर्डनन्स फॅक्टरी, डीच्या पुढे थेट एन, अर्थ दारूगोळा, युद्धसामग्री. मधे आय आला की तो अध्यादेश, राज्यघटनेच्या कलम २१३ प्रमाणे राज्यपाल काढतात तो. मुळात दोन्ही एकच शब्द होते, तोफांच्या बाजूचा आय झिजून गेला.

१५. रिसीट आणि रेसिपी यांत पी कुठे बोलायचा?

पावतीतला मुका, पाककृतीतला बोलका. पूर्वी इंग्रजीत पाककृतीलाही रिसीटच म्हणत. रेसिपी म्हणजे लॅटिनमध्ये ‘घे’, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची आरएक्स ही खूण त्याच शब्दाची आहे.

१६. ठाणे-बेलापूर रोडवरच्या टँकरवर ‘इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. म्हणजे पेट घेत नाही ना?

घेतं! लांब राहा. ‘इन’ दिसला की नकार, हा अंदाज इथे जिवावर बेतू शकतो. हा ‘इन’ नकाराचा नाही, ‘इनफ्लेम’ म्हणजे पेटवणे या क्रियापदातला आहे. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ ज्वलनशील. याच घोळापायी हल्ली अनेक ठिकाणी नुसतं फ्लेमेबल लिहितात. पेट न घेणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’.

‘इनव्हॅल्युएबल’ही असाच दगा देतो. त्यात ‘इन’ नकाराचाच आहे, पण अर्थ बिनकिमतीचं नाही, किंमत करता येणार नाही इतकं मोलाचं. मराठीतला ‘अमूल्य’ आठवा, तिथेही अ नकाराचाच आहे.

१७. एकच स्पेलिंग पण उच्चार दोन, असे शब्द कसे ओळखायचे?

वाक्य पुढे वाचूनच. सोसायटीच्या सभेचे ‘मिनिट्स’ आणि ‘मायन्यूट’ म्हणजे अगदी बारीक, स्पेलिंग एकच. ‘रेकॉर्ड’मध्ये जोर सुरुवातीला असेल तर नोंद, शेवटी असेल तर नोंदवणे. परमिट, इम्पोर्ट आणि ऑब्जेक्ट यांचंही तसंच.

खरा सापळा ‘लीड’चा आहे. ‘रीड’चा भूतकाळ ‘रेड’ होतो आणि स्पेलिंग तेच राहतं, म्हणून लोक ‘लीड’चंही तसंच करतात. पण त्याचा भूतकाळ एल-ई-डी, ए गळतो. ए ठेवून ‘लेड’ उच्चारलं तर ते शिसं. बायोडाटात ‘मी टीम लेड केली’ असं लिहिताना हे बघा.

१८. स्पेलचेक असताना एवढं शिकायचं कशाला?

साधा स्पेलचेक शब्द अस्तित्वात आहे का एवढंच बघतो, तुमच्या मनात काय होतं ते नाही. ‘डिअर मॅनेजर’मधला दुसरा ए गळाला तर उरतो ‘मेंजर’, म्हणजे गोठ्यातली गव्हाण. शब्द कोशात आहे, रेघ येत नाही, आणि साहेबांना ‘प्रिय गव्हाण’ असा अर्ज जातो. नवी साधनं वाक्यही तपासतात आणि बरंच पकडतात, पण प्रश्न ११ मधला बँकेचा ‘इफेक्ट’ ती उगाच ‘सुधारून’ ठेवतात, हेही मी बघितलं आहे. पाठवण्याआधी माणसांची नावं, हुद्दे आणि रकमेजवळचे शब्द स्वतः वाचा, बाकीचं यंत्रावर सोडलं तरी चालेल.

१९. एचआरने मेल केला: ऑफर लेटर ‘रिझाइन’ करा. रुजू व्हायच्या आधीच राजीनामा?

मधल्या छोट्या रेघेकडे बघा. आर-ई, मग रेघ, मग साइन: ‘री-साइन’, पुन्हा सही करा. रेघ नसेल तर राजीनामा. ‘री’ लावल्यावर दुसराच शब्द तयार होत असेल तिथे ही रेघ गाळता येत नाही. सोफ्याला नवं कापड चढवणं ‘री-कव्हर’, आजारातून उठणं रिकव्हर. फ्लॅट पुन्हा भाडेपट्ट्याने देणं ‘री-लीज’, सोडून देणं रिलीज.

एक अडचण उरतेच. ओळीच्या शेवटी जागा संपली की साधा ‘रिझाइन’ही तुटून आर-ई, रेघ आणि खालच्या ओळीवर साइन असा छापला जाऊ शकतो, मग कळायला मार्ग नाही. म्हणून पत्र तुम्ही लिहीत असाल तर सरळ ‘साइन अगेन’ लिहा. आणि असं पत्र तुम्हाला आलं असेल तर सही करण्याआधी एचआरला फोन करा.